सोमवारची गोळी

बाग गेली तिथून सांगते. त्याच्याआधीचं सांगत बसले तर पोरीचं राहून जाईल.

पाचोडच्या अलीकडं आमची मोसंबीची बाग व्हती. मालकांनी, म्हणजे मपल्या नवऱ्यानं, एकेक कलम हातानं लावलेलं. पहिला दुष्काळ आला तवा टँकरचं पाणी इकत घेऊन झाडं जगवली. पाठोपाठ दुसरा आला. हिरीत बादली सोडली का नुसता गाळ वर यायचा. टँकरवाला म्हणायचा, "मावशे, माणसाला पुरत नाय, झाडाला कुठून देऊ?" शेवटी करवतवाले बोलावले आन् बाग सरपणाला गेली. मालक त्याच्या आदल्या सालीच दम्यानं गेले व्हते. करवतीचा आवाज त्येंना ऐकावा लागला नाय, एवढं बरं झालं.

लेक वाळूजला कंपनीत व्हता. म्हणला, "आई, आता इथं काय राखत बसती?" म्या पत्र्याची पेटी उचलली आन् त्याच्यासंगं आले. तवा समदे औरंगाबाद म्हणायचे, आता पाट्यांवर संभाजीनगर आलंय. आमची खोली शहराच्या पार कडंला. मागं ज्वारीचं रान व्हतं. बघता बघता त्यात चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, खोल्या झाल्या, खोल्यांवर मजले चढले. माणसं वाढत गेली, पाणी तेवढंच. दारादारापुढं निळे ड्रम, ड्रमाला झाकण, झाकणाला साखळी, साखळीला कुलूप. सोन्याला नसंल एवढी राखण पाण्याला व्हती.

घरात आम्ही तिघं. मी, लेक आन् सून. सून म्हणजे मपल्या भावाचीच पोरगी. आमच्यात मामाची पोरगी करायची रीत हाय. म्हणून ती मला सासूबाई नाय म्हणत, आत्याच म्हणती. मीबी तिला पोरीच म्हणते. लहानपणी मपल्याच मांडीवर खेळलेली. कामाला तर वाऱ्यासारखी. टँकरचा भोंगा वाजला का दोन हातात दोन हंडे घेऊन ती पहिली पोचायची.

तीच पोरगी एका उन्हाळ्यात हंडा उचलंना. अर्धी भाकर खायची आन् म्हणायची, पोट भरलं. डाव्या कुशीत जड लागायचं. झोपंतून उठली का अंगाखालची सतरंजी घामानं ओली. पोट थोडं पुढं आलेलं. शेजारणी हसायला लागल्या. म्या पाचोडला भावाच्या घरी खबर धाडली. दुसऱ्याच दिवशी तिची आई, म्हणजे मपली भावजय, एसटीनं आली. पिशवीत कैऱ्या, चिंचा, हिरव्या बांगड्या.

"पोरीला डोहाळे कसले लागलेत ते तरी सांगा," आल्या आल्या म्हणली.

"डोहाळे लागाया तिला भूकच नाय," म्या म्हणलं.

बांगड्या भरायच्या आधी दवाखान्यात दाखवू म्हणून गेलो. पोटात लेकरू नव्हतं. डाव्या कुशीतली पाणथरी फुगून बरगडीखालून खाली उतरली व्हती. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी इतक्या, का तपासणारानं परत एकदा रक्त काढलं. तिथून आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. भावजयीनं कैऱ्या तशाच पिशवीत ठेवल्या. त्या घरी मऊ पडल्या, मग टाकून दिल्या.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई व्हत्या. चष्मा डोक्यावर सरकवून बोलायच्या. त्येंनी लेकाला सांगितलं, पोरीला सांगितलं, दोघंबी मान हलवत व्हते आन् दोघांच्याबी डोळ्यांत काय शिरत नव्हतं. मग म्या म्हणलं, "बाई, मला सांगा. मी दुसरी शिकलेली हाय, मला सांगितलं का समद्यांना कळंल."

त्या हसल्या. म्हणल्या, "आजी, आपल्या अंगात रोज नव्या पेशी जन्मतात आणि जुन्या मरतात. मरण त्यांच्या आतच ठेवलेलं असतं. काम झालं की त्या आपलं आपण आटोपून घेतात. ते चांगलंच असतं, त्यामुळं तर शरीर चालतं."

"मग हिचं काय झालं?"

"पेशीच्या आत निरोप देणारी प्रथिनं असतात. त्यांना कायनेज म्हणतात. एक कायनेज दुसऱ्या प्रथिनाला खूण चिकटवतं, ते पुढच्याला, असा निरोप आतपर्यंत जातो. जग, वाढ, आत्ता मरायचं नाही. गरज असली की निरोप सुरू, गरज संपली की बंद. हिच्या हाडांच्या मगजात एक निरोप्या बिघडलाय. तो गप्पच बसत नाही. सारखं सांगतोय, मरू नको, मरू नको. म्हणून मरायच्या पेशी मरत नाहीत आणि नव्यांची भर पडतेय. सगळ्या साठत चालल्यात."

"म्हणजे त्या मरत नायत म्हणून पोरगी मरंल?"

बाईंनी पोरीकडं बघितलं, मग मपल्याकडं. "इलाज केला नाही तर."

मी तिथं खुर्चीत बसल्या बसल्या बागेत गेले. मोसंबीला बहर धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी पार तोडायचं. पानं पिवळी पडतेत, गळून जातेत, झाड नुसत्या काड्या दिसतं. बघणाराला वाटावं मेलं. मग पाणी दिलं का फुलावर फूल. आमच्या हौदाशेजारी एक झाड व्हतं, त्येला ताणच बसंना. हौद पाझरायचा आन् त्येची मुळं तिकडं गेलेली. समदी बाग उघडी झाली तरी त्ये हिरवंगार. पाव्हणे म्हणायचे, काय झाड हाय. मालक म्हणायचे, "त्येला कोण तरी चोरून पाजतंय. जुनं पान सोडीना आन् फूल काय धरीना."

म्या बाईंना हे सांगितलं. त्येंनी नीट ऐकून घेतलं. "अगदी तसंच नाही, पण त्या वाटेनं गेलात तर चालेल," म्हणल्या. "आमची गोळी ते पाझरणं बंद करते. निरोप्या जिथून ताकद घेतो त्या जागेवरच जाऊन बसते. निरोप थांबला की पेशी आपल्या आपण मरतात. पण गोळीचा असर तेवढ्यापुरता. म्हणून रोज घ्यायची. दुपारच्या जेवणावर, मोठा ग्लासभर पाण्यासंगं. उपाशीपोटी घेतली तर उलटी होईल."

"किती दिस?"

"आत्ता तरी कायमची समजा. आणि गोळी सुरू आहे तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. बाळाला धोका आहे."

लेकानं मान हलवली. पोरीनं नाय हलवली.

गोळ्या दवाखान्यातूनच मिळायच्या. पाण्याची पंचाईत व्हती. ग्लासभर पाणी एका गोळीवर, हे पोरीला पटंना. ती घोटभर पाण्यानं गिळायची आन् मग मळमळ. म्या तिच्या नावाचा एक तांब्या भरून देवाच्या फळीवर ठिवायला लागले. पाव्हणा येऊ, कोणीबी येऊ, त्या तांब्याला हात लावायचा नाय. लेक एकदा कंपनीतून तहानलेला आला आन् त्यानं तो उचलला. पोरीनं काय म्हणायच्या आधी म्या त्येच्या हातातून घेतला. त्यो म्हणला, "आई, मी पोटचा हाय का शेजारचा?" म्या म्हणलं, "तू ड्रमातलं पी. तुला गोळी नाय."

गोळीनं पाणथरीची सूज उतरली. भाकर अंगी लागायला लागली. सकाळी पापण्या सुजायच्या, पोटऱ्यांत गोळे यायचे, पण हंडा परत उचलायला लागली. आन् एक गंमत झाली. पोरगी सावळी, ती उजळली. गोळीनंच व्हतं तसं, बाई म्हणल्या. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "आत्याबाई, सुनंला कोणती क्रीम लावती?" म्या म्हणायचे, "दवाखान्यात मिळती. तुमच्या नशिबी नको."

रिपोर्ट घेऊन बाई समजावून द्यायच्या, बिघडलेल्या पेशी किती राहिल्या त्ये. कमी कमी येत व्हतं. बाई म्हणल्या, "असंच चाललं, अजिबात दिसेनासं झालं आणि काही वर्षं तसंच राहिलं, तर गोळी थांबवून बघता येईल. मग बाळाचा विचार करू."

काही वर्षं. पोरीला त्ये दोन शब्द लई मोठे वाटले. आन् माणसं काय गप बसतेत का. लासूर स्टेशनला एका लग्नाला गेलो, तर पंगतीत लेकाच्या शेजारी बसलेला एक पाव्हणा म्हणला, "अजून वय हाय तुझं. दुसरी बघ."

लेक म्हणला, "दुसरी बघाया पहिली कुठं हरवलीय? ती बघा, तुम्हालाच वरण वाढाया येतीय."

पण पोरीनं ऐकलं व्हतं. त्येच्या पानात वरण वाढलं आन् पुढं गेली.

श्रावण लागायच्या आधी भावजय आली. पोरीला घेऊन बसली आन् सोळा सोमवार धरायला लावले. लेकरासाठी. मलाबी त्यात वावगं वाटलं नाय. आमच्यात बाया धरतेतच. पोरगी कडक उपवास करायची. दिवसभर पाणीसुदिक नाय. संध्याकाळी पूजा झाली का गव्हाचा चुरमा, बिनमिठाचा. दर सोमवारी त्येच. आन् मंगळवारी आदल्या दिवशीच्या उपासानं पोटाला गोळी झोंबायची, कधी कधी उलटून पडायची.

रिपोर्ट वर गेला.

बाईंनी चष्मा खाली घेतला. "गोळी चुकते का?"

"नाय," पोरगी म्हणली.

"नाय," लेक म्हणला.

मीबी म्हणलं, "पाण्याचा तांब्या मी सोता भरते बाई."

पुढचा रिपोर्ट आणखी वर. आता बाईंचं बोलणंच बदललं. म्हणल्या, कधी कधी निरोप्या आपलं रूप बदलतो, मग ही गोळी त्याला बसत नाही. त्याची येगळी तपासणी धाडावी लागंल, मग दुसरी गोळी, ती लागू पडली तर बरं. लेक त्या दिवसापासून जेवताना ताटाकडं बघायचा नाय. पोरगी एकदा भांडी घासता घासता म्हणली, "आत्या, मपलं काय झालं तर ह्येंचं दुसरं लगीन तुम्ही करा. आईवर सोडू नका, ती घाई करंल."

"भांडी घास," म्या म्हणलं.

त्या तपासणीचं रक्त द्यायला बोलावलं त्यो सोमवार व्हता. रांग मोठी. दुपार झाली. म्या पिशवीतून भाकर आन् मिरचीचा ठेचा काढला, लेकाला दिला, मी घेतला. बाई त्याच वखताला तिथून चालल्या व्हत्या. थांबून म्हणल्या, "हिला नाही देत? रक्त द्यायचंय, चक्कर येईल."

"तिचा सोमवार हाय," म्या म्हणलं.

बाई दोन पावलं पुढं गेल्या आन् माघारी आल्या. "मग आज गोळी कधी घेणार?"

पोरगी म्हणली, "आज नाय."

"आज नाही म्हणजे?"

"तुम्हीच म्हणले व्हते ना, जेवणावर घ्यायची. आज जेवण नाय, मग कशावर घेऊ?"

"संध्याकाळी उपवास सोडता ना?"

"त्यो परसादाचा चुरमा असतो बाई. परसादावर इंग्रजी औषध कसं घ्यायचं?"

बाईंनी मपल्याकडं बघितलं. मला त्या नजरंचा अर्थ लागंना. मला खरंच काय चुकलं त्ये कळत नव्हतं. उपवासाला औषध घेत नायत, हे का सांगायची गोष्ट हाय. आम्ही तिघांनी नाय म्हणलं त्ये खोटं नव्हतं. सोमवारची गोळी आमच्या लेखी नव्हतीच, मग ती चुकंल कशी.

बाई आमच्या शेजारी बाकावर बसल्या. रागावल्या नायत. पोरीचा हात हातात घेऊन सांगायला लागल्या. "एक दिवस गोळी नाही पडली की तो निरोप्या परत बोलायला लागतो. ज्या पेशी मरणाच्या दारात होत्या त्यांना तो माघारी बोलावतो. दुसऱ्या दिवशी तू गोळी घेतेस, उलटी होते, आणखी एक दिवस गेला. असं दर आठवड्याला. आणि ज्या पेशी अशा वाचतात, त्यांतच एखादी अशी निपजते जिला गोळीच चालत नाही."

पोरगी जमिनीकडं बघत व्हती.

"कशासाठी धरलेत सोमवार?" बाईंनी विचारलं. पोरगी सांगंना, म्हणून म्या सांगितलं.

बाईंनी पोरीचा हात तसाच धरून ठिवला. मग म्हणल्या, "निरोप पूर्ण बंद झाल्याशिवाय मी बाळाचं हो म्हणू शकत नाही. तू ज्याच्यासाठी उपाशी राहतेस, तेच लांब चाललंय."

"मग अर्ध्यातून सोडू?" पोरगी म्हणली.

"देवाचं मी काही सांगणार नाही. जेवण आणि गोळी, सगळे दिवस. एवढंच माझं."

लेकानं बाहेर जाऊन बिस्किटाचा पुडा आणला. पोरीनं त्येच्याकडं बघितलं, पुड्याकडं बघितलं, आन् खाल्लं. म्या पिशवीतून गोळी काढून दिली. ती नेहमी मपल्याच पिशवीत असायची.

घरी भावजय आलेली. तिला समजलं तशी भडकली. "धरलेलं व्रत मोडलं तर उलटं फळ मिळतं. डॉक्टरणीला काय माहीत. तिला का आपल्यासारखं कुळाचं बघायचंय?"

"तिला पोरीचं बघायचंय," लेक म्हणला.

"तू बोलू नको जावईबापू. तुझं काय जातंय."

पोरगी मधी बसून दोघांकडं बघत व्हती. तिच्या मनात दोन्ही बाजूंनी भ्या शिरलेलं मला दिसत व्हतं. गोळी नाय घेतली तर मरण आन् व्रत मोडलं तर वांझपण. असं भ्या घेऊन माणूस गोळी गिळतं आन् लपून थुंकून टाकतं, म्या बघितलेलं हाय तसं.

म्या म्हणलं, "राहिलेले सोमवार मी धरते."

भावजय म्हणली, "वन्सं, उपास का मोलानं करायची गोष्ट हाय?"

"मोलानं नाय. ती मपली भाची बी हाय आन् सून बी हाय. दोन्हीकडून मपला हक्क लागतो."

"देवाला चालंल का?"

"त्येला नाय चाललं तर मला जाब इचारंल. पोरीला नाय इचारणार."

पोरीनं मपल्याकडं बघितलं. "आत्या, तुम्हाला पित्त हाय."

"पित्ताला बी कळू दे सोमवार काय असतो."

तेवढंच ती हसली.

त्या साली श्रावण कोरडाच गेला व्हता. पुढच्या महिन्यांतबी उकाडा वैशाखासारखा. पाण्याविना दिवस काढायचा म्हणजे संध्याकाळी जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा ड्रमाला धरून उभी राहिले तर डोळ्यापुढं अंधार आला, तशीच खाली बसले. कोणाला सांगितलं नाय. मला फळ मिळंल म्हणून मी करत नव्हते. पोरीनं सोमवारी दुपारी भ्या न बाळगता चार घास खावे आन् गोळी पोटात ठरावी, एवढ्यासाठी करत व्हते. ती जेवायला बसली का मी समोर बसायचे. लेकानं तर म्हणलं, "आई, तू उपाशी आन् तिच्या घासावर नजर, लोक काय म्हणतेन?" म्या म्हणलं, "दार लाव."

तपासणी परत आली. निरोप्यानं रूप बदललेलं नव्हतं. गोळी त्येला अजून बसत व्हती. पुढच्या रिपोर्टात उतार दिसला, त्येच्या पुढच्यात आणखी. सोळावा सोमवार झाल्यावर म्या पूजा केली, चुरमा वाटला. भावजयीनं आन् म्या एका ताटात खाल्लं.

मग वर्षं गेली. मधी एक पाऊस बरा झाला, मग दोन वाईट. मागच्या रानात आता एक दगड मोकळा राहिला नाय, शाळा झाली, मंगल कार्यालय झालं, नळाची लाईन आली पण नळाला पाणी आठवड्यानं. पोरीचे रिपोर्ट चांगले येत गेले. एकदा बाई म्हणल्या, मशिनीला काहीच दिसत नाही. मग तसंच पुढं, तसंच पुढं. शेवटी त्येंनी गोळी थांबवायची गोष्ट काढली. काहींचं थांबवल्यावर परत येतं, काहींचं येत नाय. आलं तर गोळी परत चालू केली का बहुतेकांचं उतरतं. दर महिन्याला रक्त द्यायला यायचं, एकबी महिना सोडायचा नाय.

लेक म्हणला, "नको. आहे तसं बरं चाललंय."

पोरगी म्हणली, "मला थांबवायचीय."

दोघं मपल्याकडं बघायला लागले. मला पोरगी जगायला पाहिजे व्हती. लेकरू असलं काय, नसलं काय. पण त्या नको म्हणण्याचं वझं तिनं जलमभर उचललं असतं. म्या म्हणलं, "जिचं अंग हाय तिला इचारा."

गोळी थांबली. महिन्यामागं महिना रिपोर्ट कोरा. आन् मग दिवस राहिले. ह्या बारीला म्या पाचोडला खबर नाय धाडली, पहिले दवाखान्यात खात्री केली.

सहावा महिना लागला तवा रिपोर्टात परत थोडं दिसलं. बाईंनी आम्हाला आत बोलावलं आन् दार ओढून घेतलं.

"हळू वाढतंय," म्हणल्या. "पण वाढतंय."

लेक म्हणला, "मग गोळी द्या."

"आत्ता नाही देता येत. बाळसुद्धा असल्याच निरोपांवर घडतंय. इथं वाढ, इथं थांब. गोळी तेही अडवेल." मग त्येंनी आपला पंजा समोर धरला. "पोटात हात आधी असा असतो, वल्ह्यासारखा, बोटं चिकटलेली. मग मधल्या पेशींना मरायचा निरोप येतो. त्या मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात."

पोरगी आपल्या बोटांकडं बघत राहिली. म्हणली, "म्हणजे मपल्याच पोटात एकीकडं मरायचं त्ये येळंवर मरतंय आन् हाडात मरंना झालंय."

"हो."

"मग थांबू. दर पंधरवड्याला रक्त घ्या. पण थांबू."

त्या तीन महिन्यांत घरात कोणी आनंदानं बोललं नाय आन् दुःखानंबी नाय. टोपडं शिवलं, दुपटी शिवली, आन् दर रिपोर्टाच्या दिवशी म्या ती पेटीत परत ठिवून द्यायचे. लेक रिपोर्ट आणायला जायचा आन् फोनवर पहिला शब्द बोलेस्तोवर पोरगी भिंतीला टेकून उभी राहायची. थोडं वर, थोडं वर, एकदा तिथंच. बाई म्हणायच्या, अजून थांबता येतंय.

पोरीला पोरगी झाली. दिवसाढवळ्या, अडलं नाय, नडलं नाय. म्या कापडात घेतली तवा आधी हाताची बोटं बघितली. सुटी व्हती, नखं सुदिक.

बाई वार्डात आल्या, बाळ बघितलं, हसल्या, आन् मग पोरीच्या खाटंवर बसल्या. "आज पाजून घे. उद्या दुपारपासून गोळी सुरू करायची. गोळी दुधात उतरते, म्हणून मग पाजायचं नाही. अजिबात नाही."

त्या दिवशी आन् त्या राती पोरीनं लेकराला खाली ठिवलंच नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकानं डबा आणला. पोरगी जेवली. भात, वरण, समदं खाल्लं. गोळी हातात घेतली. तेवढ्यात लेकरू उठलं आन् रडाया लागलं. त्ये रडणं ऐकलं का पोरीचं अंग भिजायचं, पोलक्यावर दोन डाग पसरत गेले. भावजय पुढं झाली.

"एक डाव पाज. मग घे गोळी. चार घंट्यानं घेतली तर काय आभाळ कोसळतंय?"

"नको आई."

"अगं रडतंय त्ये."

"मला ऐकू येतंय." तिनं गोळी तोंडात टाकली, ग्लास उचलला आन् पार तळापर्यंत पिली. मग भिंतीकडं तोंड केलं. "आत्या, तिला बाहेर न्या."

भावजयीनं पदर डोळ्याला लावला आन् दूध आटावं म्हणून पोरीच्या छातीला बांधायला फडकं फाडायला बसली. मी लेकराला घेऊन व्हरांड्यात आले. सिस्टरनं वाटी-चमचा उकळून दिला व्हता, पावडरीचं दूध कालवून दिलं व्हतं. म्या भिंतीला टेकून बसले, लेकरू मांडीवर घेतलं. पहिला चमचा जिभंनं बाहेर लोटला. दुसरा गालावरून गळ्यात गेला. लाल होऊन रडत व्हती, तोंड मपल्या पदराकडं फिरवून शोधत व्हती. म्या तिथं सुकलेली म्हातारी, काय देणार. थोडं थांबले. मग चमच्याच्या टोकाला थेंब घेऊन व्हटाला नुसता लावला. तिनं चाटला. परत लावला. परत चाटला. मग घशात गटकन आवाज झाला.

आतून पोरीनं आवाज दिला, "आत्या, घेतलं का तिनं?"

"घेतलं," म्या म्हणलं, आन् पुढचा थेंब लावला.